एक बिजागरी सोडून

आमच्या मिनेसोटात कुणी कुणाला तोंडावर काही बोलत नाही. शेजाऱ्याचं कुत्रं रोज तुमच्या वाफ्यात घाण करत असलं, तरी तुम्ही म्हणता, कुत्रं काय गोड आहे हो. म्हणून शनिवारी सकाळी पलीकडचा केंट एका हातात भोपळ्याच्या वड्या आणि दुसऱ्या हातात ग्रीसचा स्प्रे घेऊन उभा राहिला, तेव्हाच मी समजले. आमच्या गॅरेजच्या दाराच्या आवाजाला तो कंटाळला होता.

“माझं दार उरकलं. अर्धा डबा उरलाय, म्हटलं वाया कशाला घालवा,” तो म्हणाला.

“अरे, कशाला उगाच त्रास!”

“त्रास कसला, मार्लिस? दहा मिनिटांचं काम.”

त्याची मुलगी चार महिन्यांची आहे. आमचं दार किंचाळलं की ती उठते, हे मला माहीत होतं. मला वाईटही वाटायचं. पण ते दार मला तसंच हवं होतं.

माझा नवरा वर्लिन चाळीस वर्षं ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी हे काम करत आला. वर सरकणाऱ्या त्या दाराच्या फळ्यांमधल्या बिजागऱ्या, चाकं, वरची स्प्रिंग, सगळ्यांना ग्रीस. खालची रबरी पट्टी बर्फाने जमिनीला चिकटू नये म्हणून तिला माझ्या स्वयंपाकातल्या तेलाचा फवारा. यंदा ऑक्टोबर सरला तरी त्याने डब्याला हात लावला नाही. तो काय काय विसरतो त्या यादीत मी हेही घातलं. उन्हाळ्यात तो ब्रेड आणायला म्हणून गाडी घेऊन गेला आणि साठ मैलांवरच्या पेट्रोल पंपावर सापडला, तेही दोनदा. मी किल्ल्या लपवल्या, त्याने शोधल्या. घरातलं प्रत्येक कपाट ज्याने स्वतः बनवलं, त्याच्यापासून काय लपवणार? मग माझ्याकडे उरला तो दाराचा आवाज. दार किंचाळलं की मी असेन तिथून धावत सुटायची आणि गाडीत त्याच्या शेजारी जाऊन बसायची.

केंटला नाही म्हणायचं, तर हे सगळं सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, “कॉफी तरी घेशील ना?”

कॉफी घेऊन आले तोवर केंट दार ज्यांतून सरकतं त्या रुळांवर ग्रीस मारायला लागला होता आणि वर्लिन बाहेर आला होता.

“रुळांना नको, बाळा. धूळ धरते, थंडीत त्याचा चिखल होतो. रूळ नुसते पुसायचे.” नाव आठवलं नाही की वर्लिन सगळ्यांनाच बाळा म्हणतो. त्याने डबा काढून घेतला आणि स्वतःच कामाला लागला. हात कुठे चुकला नाही. एकेक बिजागरी गप्प होत होती, आणि मी कप धरून नुसती बघत होते. मला फार भीती वाटत होती.

स्वयंपाकघराच्या भिंतीकडची शेवटची बिजागरी आली, तेव्हा त्याने डब्याला टोपण लावलं.

“ती राहिली,” केंट म्हणाला.

“राहू दे. ती मार्लिसची आहे. मी गाडी काढली की तिला कळायला नको?”

केंट खाली मान घालून पुसलेलाच रूळ पुन्हा पुसायला लागला.

“म्हणजे यंदा तू विसरला नव्हतास?” मी विचारलं.

“दार विसरेन मी?” त्याला ते लागलेलं दिसलं. “घरातल्या सपाता घालून धापा टाकत येतेस आणि म्हणतेस, मलाही दुकानात जायचंय. मला काय कळत नाही?”

मला आधी रागच आला. महिनाभर त्या दारापायी मी मनातल्या मनात त्याच्यासाठी रडत होते. मग शेजाऱ्यासमोर खरंच रडले, जे आमच्याकडे कुणी करत नाही. केंटने स्वतःच आणलेल्या दोन वड्या खाल्ल्या.

वर्लिनने बटण दाबलं. दार मुकाट वर गेलं. मध्येच ती एक बिजागरी कुरकुरली. स्वयंपाकघरापर्यंत पोचेल एवढंच, पलीकडच्या पाळण्यापर्यंत नाही.

“ऐकू आलं?”

“आलं.”

“मग सपाता बदलून ये. ब्रेड संपलाय.”