घरच्या घरी होणारं काम

सरकारी दवाखान्यांना लोखंडी खाटा पुरवायचं कंत्राट मिळालं, तेव्हा आम्ही अख्ख्या निघोज गावात पेढे वाटले. अट कुणी नीट वाचलीच नव्हती. एका खाटेला खरा खर्च किती येतो ते दरवर्षी कळवायचं, आणि खर्च कमी दिसला की पुढच्या वर्षीचा दरही कमी. म्हणजे काटकसर केली की शिक्षा! धन्य आहे बाई.

गेल्या वर्षी कामगारांच्या जेवणाचा खर्च आम्ही प्रामाणिकपणे शून्य लिहिला, कारण भाकऱ्या माझ्या सासूबाई थापतात. दर लगेच खाली आला. यंदा आणखी उतरला तर वर्कशॉपला टाळंच लागणार. आमचे कॉस्ट अकाउंटंट नागसेन सर म्हणाले, "आईंना पगार द्या, बँकेतून. म्हणजे खर्च दिसेल."

सासूबाई उखडल्याच. "पोराच्या कारखान्यात भाकरी थापल्याचं पैसं घिऊ व्हय मी? लोक तोंडात शेण घालतील!" कशाबशा तयार झाल्या. पहिला पगार जमा झाला तसा माझा नवरा रविराज लाडात आला, "आई, काढून दे की परत. कागदापुरताच होता."

"कागदापुरत्या भाकरी खाल्ल्या व्हय रं समद्यांनी?"

मला काय हसू आलं म्हणून सांगू!

यंदाचा खर्चाचा अहवाल मीच भरला. लग्न झाल्यापासून बिलं, जीएसटी, हजेरी सगळं मीच बघते. पत्र्यापासून स्क्रूपर्यंत काही सुटू दिलं नाही.

परवा आम्ही जेवायला बसणार, तोच सरकारी कार्यालयातून फोन आला. रविराजने स्पीकर लावला.

"कार्यालयीन खर्चाचा रकाना रिकामा आहे. तुमचे हिशेब ठेवतं कोण?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रविराज म्हणाला, "त्याला कसला खर्च साहेब? ते घरच्या घरीच होतं."

"मग उद्यापर्यंत तसा लेखी खुलासा पाठवा. नाहीतर दर ठरणार नाही."

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "स्नेहल, लिही गं पटकन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा राग आलाच, पण स्वतःचा जास्त आला. तो रकाना मीच तर रिकामा सोडला होता, आणि सोडताना काही वाटलंही नव्हतं.

लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. म्हटलं, "घरच्या घरीच होतं ना? मग होऊ दे की." आणि सासूबाईंशेजारी ताट ओढून जेवायला बसले.