नामांकित कचेरीतली जागा

नगरला माळीवाड्यात सूर्यभानरावांचं लोकांना नोकरी लावून देणारं ऑफिस होतं. गहिनीनाथ तिथे बरीच वर्षं उमेदवारांच्या मुलाखती घेत होता. आपलं ऑफिस म्हणजे एक कुटुंब, असं राव येताजाता सांगत. चार वाजता सगळ्यांनी त्यांच्या खोलीत जमून चहा घ्यायचा, ही तिथली रीत. मर्जीतून उतरलेल्याला राव चकार शब्द बोलत नसत. त्याला चहाला बोलावणं तेवढं बंद होई, आणि बाकीचे काय ते ओळखून घेत.

दिवाळीनंतर गहिनीनाथला बोलावणं बंद झालं. गुन्हा एवढाच, की तुला धाडतोय तिथं पगार वेळेवर होत नाही, हे त्यानं एका उमेदवाराला खरं सांगून टाकलं होतं. ज्याच्या डब्यातली भाजी त्यानं वर्षानुवर्षं हक्कानं खाल्ली, तो शेजारच्या टेबलावरचा राधाकृष्णसुद्धा पाठ फिरवून जेवू लागला. गहिनीनाथचा डबा भरलेलाच घरी जाई. एकट्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मग रावांनी शिपायाकरवी निरोप धाडला, एका नामांकित कचेरीला मुलाखती घेणारा माणूस हवाय, निवडून द्या. गहिनीनाथ काही दूधखुळा नव्हता. नगरात असली कचेरी दुसरी होती कुठे? निदान राधाकृष्ण तरी येऊन कानात सांगेल, या आशेवर त्यानं आठवडा काढला. कुणी तोंड उघडलं नाही. भेकड लेकाचे सगळे.

उमेदवार आले. त्यांत पाथर्डीकडचा सहादेव सरस होता. दुष्काळानं गाव सोडायला लावलं होतं, पण बोलण्यात लाचारी नव्हती. एखादा ठोंब्या निवडून रावांची जिरवावी, असं गहिनीनाथच्या मनात येऊन गेलं. पण ते त्याच्या हातून होईना. त्यानं सहादेवला जागा तुमची म्हणून सांगितलं.

"सायेब, कचेरी कंची हाय?" सहादेवनं विचारलं.

"हीच. अन् खुर्ची माझी."

चार वाजले होते. पलीकडच्या खोलीतून कपबश्यांचा आवाज आणि हसणं ऐकू येत होतं. गहिनीनाथ टेबलाचा खण रिकामा करू लागला. खणाशेजारी त्याचा डबा दुपारपासून तसाच बंद होता.

सहादेवनं पिशवीतून फडकं काढून टेबलावर सोडलं. रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची लाल भाकरी मोडून त्यानं अर्धी पुढे केली.

"तुमी जेवला न्हाई जनू. बसा, दोगं मिळून खाऊ."

इतक्या दिवसांत त्याला जेवणाचं विचारणारा हा पहिलाच माणूस, आणि तोच उद्यापासून त्याच्या खुर्चीत बसणार होता. गहिनीनाथचे डोळे भरून आले. त्यानं आपला डबा उघडून मधे ठेवला आणि भाकरीचा तुकडा तोंडात घातला. घास घशाखाली उतरला.