मरणाच्या चौकटीतली नायिका

मित्रांनो, मला पाहून कधी कोणाला आनंद झाला नाही, आणि तोच माझा मान होता. मी शिशाची एक जुनी काळी चौकट आहे. इटलीतल्या कातानियाच्या एका लहानशा दैनिकाच्या छापखान्यात मी राहते. गावात कोणी वारले, की छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कालोजेरो मास्तर माझ्या पोटात त्याचे नाव बसवत. सकाळी बायका अंकात आधी मला शोधत आणि काळी शाल काढत.

मग गावात मुका सिनेमा आला. थिएटरचे मालक लाउदानी छापखान्यात येऊन म्हणाले, "मास्तर, जाहिराती कोण वाचतंय? मेलेल्यांचं मात्र सगळे वाचतात. आमची नायिका त्या चौकटीत घाला की."

मास्तर कुरकुरले. वर्षभराचा फुकट पास मिळाल्यावर कुरकुर थांबली.

दुसऱ्या दिवशी माझ्यात छापले होते: 'एल्विरा देल्फोर्नो, वय बावीस, गुरुवारी सायंकाळी सहा वाजता प्रेमाखातर देह ठेवतील. उपस्थिती प्रार्थनीय.' खाली थिएटरचा पत्ता. निम्मे गाव फुले घेऊन आले. दारावर तिकीट मागितल्यावर चिडले, पण आत बसून मनसोक्त रडले. पुढे दर गुरुवारी माझ्यात कोणी ना कोणी मरू लागले. एक बाई तर लोकाग्रहास्तव पुन्हा मेली.

त्या हिवाळ्यात मास्तरांची आई गेली. आगातीनाबाई सुईण होत्या. निम्मे गाव त्यांच्याच हातांत पहिल्यांदा रडले होते. म्हातारपणी त्या आपली जुनी गल्ली सोडून दूरच्या वस्तीत राहायला गेल्या होत्या. जुन्या गल्लीला कळवायचे, तर मीच. मास्तरांनी नाव जुळवले: मंगळवार, दुपारी चार.

शवपेटीला सहा खांदे लागतात. पाद्री धरून चार जमले. तासभर वाट पाहिली, मग भाड्याचे दोन हमाल बोलावले.

दुसऱ्या दिवशी जुन्या गल्लीतली कार्मेला बाजारात भेटली. तिची तिन्ही बाळंतपणे आगातीनाबाईंनीच केली होती.

"मास्तर, कालची आई खरी होती?" तिने विचारले. "आम्ही म्हटलं, गुरुवारी बघायला जाऊ."

हे मला मास्तरांनीच सांगितले, रॉकेलच्या फडक्याने पुसता पुसता. मला दोष दिला नाही. पास मात्र त्याच फडक्यात गुंडाळून फेकला आणि मला खालच्या खणात ठेवले.

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख ठेवा असे मी म्हणत नाही. धूळ बसली तरी चालेल. फक्त कोणी खरोखर गेल्याशिवाय मला बाहेर काढू नका.