मंगी नावाचं फोल्डर

सरपंच झाल्यावर मंगलाबाईने पहिलं काय केलं असेल, तर शहाद्याला एसटी स्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नाव घातलं. पंचायतीतलं मशीन दुसऱ्यांनी चालवायचं आणि आपण नुसती मान डोलवायची, हे तिला पटेना.

शिकवणारी चेतना तिच्या लेकीच्या वयाची. "मावशी, हाऊ डेस्कटॉप," पडद्यावर बोट ठेवत ती म्हणाली. "आपलं आंगनच समजा. जे लागस ते आठे समोर ऱ्हास."

माऊस धरला की बाण भलतीकडेच पळायचा. तरी दुपारपर्यंत डबल क्लिक जमलं. कोपऱ्यातल्या मशीनवर मंगलाबाईने एक पिवळं फोल्डर बनवलं आणि एकेक अक्षर शोधत त्याला नाव दिलं, 'मंगलाबाई'. लुगड्याच्या पदराआड ती स्वतःशीच हसली.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं, तर फोल्डरखाली लिहिलेलं होतं, 'मंगी'.

तिच्या अंगावर काटा आला. तिला मंगी म्हणणारं जगात एकच माणूस होतं, थोरली बहीण, आक्का. लहानपणी प्रकाशा गावच्या घाटावर दोघी धुणं धूत होत्या. आक्काचा पाय घसरला आणि तापीने तिला ओढून नेलं. ती कधी सापडलीच नाही.

"कोन्ही तरी हात लावा व्हई," चेतना म्हणाली आणि तिने नाव पुन्हा नीट करायला लावलं.

पण तिसऱ्या दिवशी पुन्हा मंगी. तुमच्यानंतर या मशीनवर कुणी बसलंच नाही, हे सांगताना चेतनाचाही आवाज जरा उतरला. मग ती म्हणाली, "जाऊ द्या मावशी, काढीच टाका."

मंगलाबाईने फोल्डर ओढत नेऊन रिसायकल बिनमध्ये टाकलं. डेस्कटॉप मोकळा झाला.

"गयं?"

"आजून नई. आठून परत आनता येस. बिन रिकामी करी का मंग कायमनं गयं."

परत आणता येतं, हे शब्द मंगलाबाईच्या कानात घुमत राहिले. तरी तिने बिन रिकामी करायला घेतली. पडद्यावर चौकट आली, कायमचं काढून टाकायचं, नक्की का? बाण 'होय'वर होता. बोट दाबणार, तेवढ्यात तिच्या हातावर हात पडला. गार, ओला, लहानशा पोरीचा हात. भरदुपारी, पंखा फिरत असताना. तिने मान वळवली नाही. चेतना तर पार दाराशी, फोनवर बोलत होती.

बाण हळूहळू सरकला आणि 'नाही'वर थांबला.

 ओठ हलवत मंगलाबाई पुटपुटली, "बरं आक्का. नई टाकत." हातावरचा भार उतरला. तिने फोल्डर शोधलं, त्यावर उजवं बटण दाबून ते होतं तिथे परत आणलं आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिली. भीती होती, पण पळावंसं वाटेना.

पुढे ती सगळं शिकली. खिडक्या लहानमोठ्या करणं, फाइल जपून ठेवणं, मशीन नीट बंद करणं. मंगी मात्र तिने कधी उघडलं नाही, त्याचं नावही बदललं नाही.

"मावशी, त्या कोपऱ्यात उजेड कमी शे. आठे पुढे बसा," चेतना एकदा म्हणाली.

"नको माय. आठेच बरं शे."

एवढं बोलून मंगलाबाई खुर्चीवर जराशी सरकून बसली. शेजारी कुणाला तरी टेकायला जागा होईल, एवढी.