उतरवून घेतलेलं गाणं

आजीचं गाणं घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं आणि त्याला कुलूप होतं. भिंगरीच्या जन्माआधीच आजी गेली. तिने एका संगीत कंपनीसाठी आयुष्यात एकच गाणं गायलं होतं. आजोबांनी ते इंटरनेटवरून घेतलं, तेव्हापासून ते याच कॉम्प्युटरवर वाजायचं. वाजण्याआधी ते दर वेळी दूरच्या कंपनीला विचारायचं, "वाजू का?" तिकडून "वाज" असं आलं, की आजी गायला लागायची.

आता कंपनी बंद होत होती. आज संध्याकाळी सहानंतर "वाज" म्हणायला तिकडे कोणी उरणार नव्हतं.

भिंगरीची मावशी मोबाइल दुरुस्त करते. दुपारीच दुकान बंद करून ती आली. तिने गाणं पेनड्राइव्हवर घेतलं, तर लॅपटॉपवर ते मुकं झालं. सीडी करायला तीनच वेळा परवानगी होती. तिन्ही वेळा आजोबांनी वाया घालवल्या होत्या, सीडी एकही झाली नव्हती.

"बाबा, बटण तीनदा का दाबलंत?"

"लिफ्टचं दाबतो तसंच. लवकर यावी म्हणून."

मावशीने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "कुलूप आत आहे. आवाज एकदा हवेत आला की त्याला कसलं कुलूप? बाहेर पडला की धरायचा."

तिने स्पीकरपुढे माइक ठेवला. खिडक्यांवर निळ्या रजया टांगल्या, फ्रिज बंद केला, घड्याळ दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं. खोली पाण्याखाली गेल्यासारखी शांत झाली.

पण तिकडून "थांबा, थांबा" एवढंच येत होतं. शेवटचं ऐकणाऱ्यांची गर्दी उसळली असावी. सहाला दहा कमी असताना "वाज" आलं. गाणं नऊ मिनिटांचं.

"एकदाच उतरवून घेता येईल," मावशी कुजबुजली.

भिंगरीने वही-पेन्सिल घेतली आणि ती टेबलाखाली शिरली. उतरवून घेणं तिला ठाऊक होतं. आजोबांनीच शिकवलं होतं, फळ्यावरचं वहीत घेताना पुटपुटत लिहायचं, म्हणजे काही सुटत नाही.

आजी गाऊ लागली. आवाज रजयांना लागून हळूच परत यायचा आणि तिघांभोवती तरंगत राहायचा. आजोबांनी डोळे मिटले. नऊ मिनिटं किती लांब असतात, कुणालाच कळलं नाही.

गाणं संपलं. मावशीने रेकॉर्डिंग लावलं. आजी स्वच्छ ऐकू येत होती. तिच्या मागे, अर्धं पाऊल उशिराने, एक बारीक आवाज चालला होता. सोबत पेन्सिलीची खरखर.

"भिंगरे, हे काय केलंस?"

मावशीने घाईने पुन्हा गाणं लावून पाहिलं. सहा वाजून दोन मिनिटं झाली होती. पडद्यावर परवानगी नसल्याचा निरोप आला.

भिंगरीने वही पुढे केली. "तूच म्हणालीस ना, उतरवून घ्यायचं. मी सगळं घेतलं."

आजोबांनी वही पाहिली. सगळे शब्द होते. आजीने जिथे जिथे श्वास घेतला, तिथे छोटा गोल काढलेला होता.

"परत लाव," ते म्हणाले.

दोन्ही आवाज पुन्हा खोलीत आले. मावशी हळूच म्हणाली, "बाबा, तो बारीक आवाज थोडाफार पुसता येईल मला."

"हात लावू नकोस," आजोबा म्हणाले. "त्या दोघींची भेटच राहिली होती."