एकाच झाडाला फीत

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर आमच्या फिनलंडच्या स्प्रूसच्या, म्हणजे सूचिपर्णी झाडांच्या रानात उभे राहा. समोर एक उंच झाड आहे, त्यावर बाज पक्ष्याचं घरटं आणि घरट्यात तीन पिल्लं. आता आजूबाजूची बहुतेक झाडं काढून टाका. नातीला, इल्माला, घेऊन आलेले आजोबा तेच बघून लालबुंद झाले होते.

"रेइयो, गाढवा! हे काय केलंस?"

रेइयो तोडणीच्या यंत्रावरून उतरला. "तुम्ही एकाच झाडाला फीत बांधलीत, आजोबा. मी एकच ठेवलं. सगळी राई राखायची तर फीत झाडाझाडांवरून फिरवून कुंपण करतात. हे मी शिकवायचं?"

"अरे, उघड्यावरच्या झाडात बाज राहतो का? चौकट ठेवलीस अन् भिंती नेल्यास!"

"लाकूड तुम्हीच विकलंत ना?"

"लाकूड विकलं, अक्कल नाही!"

"मग ती दिसू द्या की!"

वर मादी किंचाळत घिरट्या घालत होती. घरट्याच्या उत्तरेची झाडं अजून उभी होती, पण दोघं एकमेकांचेच दोष काढत राहिले. दहा वर्षांच्या इल्मानं यंत्रातलं फितीचं बंडल ओढून काढलं आणि ती उरलेल्या राईभोवती एका झाडावरून दुसऱ्यावर फीत ताणत निघाली.