जास्वंदीला औषध म्हणून खोचलेला खिळा

मी एक जुना खिळा आहे. तीन इंची, डोक्याला चेपलेला आणि नखशिखांत गंजलेला. मित्रांनो, मला पाहून नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. नाक मुरडण्यापलीकडे माणसांना फारसं काही येत नाही, हे मी आयुष्यभर बघत आलो आहे.

कारखान्यात मी तारेचा तुकडा होतो. एका यंत्राने मला टोक काढलं, दुसऱ्याने डोकं ठोकलं. मग एका प्लंबरच्या घरी बारा वर्षं भिंतीत राहून त्याची अवजारांची पिशवी पेलली. येणारेजाणारे म्हणत, "खिळा दणकट आहे हो!" पुढे त्या भिंतीला ओल आली. प्लंबरच्या स्वतःच्या घराच्या भिंतीला! मी गंजलो, उपटला गेलो आणि एका डब्यात पडलो.

त्या घराच्या गॅलरीत एक लाल जास्वंद होती. प्लंबरच्या आईची. तिच्या थोरल्या बहिणीच्या अंगणातून आणलेली फांदी तिने कुंडीत वाढवली होती. बहीण गेली, अंगणही विकलं गेलं, ही फांदी तेवढी उरली. गुडघ्याच्या ऑपरेशनला निघताना आई मुलाला म्हणाली, "तू एक वेळ जेवला नाहीस तरी चालेल, पण हिच्याकडे बघ."

त्याने बघितलं. कुंडीच्या बुडाच्या भोकातून पाणी ठिबकताना दिसलं. गळती दिसली की या गृहस्थाचे हात शिवशिवतात. त्याने पांढरं सिमेंट कालवून भोक पक्कं बुजवलं आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतत राहिला. न चुकता.

पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली, मग मधली. मग ती गळायला लागली. त्याने समोरच्या काकूंना बोलावलं.

"लोह कमी पडलंय," काकू लांबूनच म्हणाल्या. "गंजका खिळा खोच. माझ्या मेहुण्यांनीही हेच केलं होतं."

"मग सुधारलं झाड?"

"ते काय माहीत नाही बाबा. त्यांनी घर बदललं."

एवढ्या पुराव्यावर मी डॉक्टर झालो. मानेपर्यंत मातीत शिरलो तर काय, माती कसली, चिखल! मुळं काळी, लिबलिबीत, कुजक्या वासाची. मित्रांनो, मुळांनाही हवा लागते. लोह कमी असतं तर कोवळी पानं पिवळी पडली असती आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहिल्या असत्या. इथे जुनी पानं आधी गेली होती, शिरांसकट. हे बघायला डोळे लागतात, ते दोघांनाही होते. आणि माझा गंज? तो मुळांना सहजी पचतही नाही.

माझ्यानंतर चहाचा चोथा आला, अंड्याची टरफलं आली, शेवटी डोकेदुखीची गोळी आली. रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा.

"कशी आहे रे ती?"

"मजेत!"

फोन ठेवून हा उरलेली नऊ पानं मोजायचा.

आई वॉकर टेकत आली ती थेट गॅलरीत. मातीत दोन बोटं घातली, हुंगली.

"बुडाचं भोक कुठंय?"

"गळत होतं गं."

"गळायलाच ठेवलं होतं ते, दिवट्या! आता खुर्ची दे मला आणि तू बस खाली. सांगते तसं कर."

पंचेचाळीस वर्षांचा घोडा मुकाट्याने फरशीवर बसला. झाड उपसलं. कुजलेली मुळं पांढरा भाग लागेपर्यंत कापली. भोक मोकळं केलं, वाळू मिसळलेली भुसभुशीत माती भरली, एकदाच पाणी दिलं आणि कुंडी सावलीत सरकवली.

"बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. नवं पान येईपर्यंत खत नाही," आई म्हणाली.

"मग मी काय करू?"

"काही करू नकोस. तेच तर तुला जमत नाही."

चिखलातून मी निघालो. "हा कशाला?" तिने विचारलं. "औषध," तो पुटपुटला. तिने मला खिडकीच्या कट्ट्यावर टाकलं आणि पदराने डोळे पुसले.

नऊपैकी सहा पानं तरीही गळली. फांदी जगेल की नाही, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. तो रोज सकाळी यायचा, मातीत बोट घालायचा आणि बहुतेक दिवशी तसाच परत जायचा. बाविसाव्या दिवशी एका पेरावर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. त्याने आईला खुर्चीसकट उचलून आणलं.

तिने वाकून त्या ठिपक्याला बोट लावलं. "ताईची फांदी चिवट," एवढंच म्हणाली. त्याने आनंदाने तांब्या उचलला. तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने तांब्या खाली ठेवला.

मित्रांनो, तुम्ही ऐकणाऱ्यांतले नाही, तरी सांगतो. जास्वंद पिवळी पडली तर डब्यात खिळे धुंडाळू नका. आधी मातीत बोट घाला, मग कुंडीच्या बुडाशी वाकून बघा. आणि एवढंही जमत नसेल, तर कृपा करून हात खिशात ठेवा.